मागच्या सीटमागची पेटी

कमलाक्कांना गाडीतून खाली उतरवलं, ते गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी, सकाळी सव्वानऊ वाजता. जुन्या गाड्यांची रॅली सुटायच्या बेतात होती. बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकानं मागचं दार उघडलं. "आजी, उतरा, गाडी बाजूला घ्यायची आहे," असं तो दोन-तीनदा ओरडला आणि मग त्यांच्या कोपराला धरून त्यानं त्यांना बाहेर ओढलं. लहानपणीच्या तापात कमलाक्कांचे कान गेले, हे त्या मैदानावरच्या निदान निम्म्या लोकांना ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. कुणीतरी मोबाइलवर शूटिंग मात्र केलं.

हे मी आधी लिहून मोकळी होते. कारण मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते आज असते तर त्यांनी मला हे लिहूच दिलं नसतं. "गाडीबद्दल लिव की, माणसांच्या भानगडी कशाला?" म्हणाले असते.

ते म्हणजे अण्णा, कमलाक्कांचे यजमान. गडमुडशिंगीच्या जैन शेतकरी घरातले. तरुणपणीच कोल्हापुरात येऊन त्यांनी गुळाची अडत चालवली. उंच, सडपातळ आणि अतिशय गर्विष्ठ माणूस. गर्व कशाचा, तर वडिलांनी घेतलेल्या काळ्या अँबॅसिडरचा. खिशात दोन रुमाल. एक स्वतःचं तोंड पुसायला, दुसरा गाडी पुसायला. गाडीचा जास्त स्वच्छ. गाडीच्या आसपास कुणी रेंगाळलं की अण्णा दुकानातूनच हाळी द्यायचे, "ओ पावणं, हात खिशात ठिवा! गाडी बघायची ती डोळ्यानं!" त्यातूनही कुणी बोट लावलंच, तर तो माणूस वळायच्या आत रुमाल फिरलेला असायचा.

माझी पहिली भेटही अशीच झाली. आम्ही काही मुलं-मुली मिरवणुकांतल्या आवाजाविरुद्ध पत्रकं वाटत होतो. मी एक पत्रक अण्णांच्या गाडीच्या वायपरखाली खोचलं. मागून आवाज आला, "काढ ते." मी म्हटलं, "वाचा तरी आधी." अण्णांनी वायपर दोन बोटांनी उचलला, जखमेवरची पट्टी काढावी तसं पत्रक अलगद काढलं, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि विचारलं, "हे आवाजाच्या इरोधात हाय न्हवं?"

"हो."

"मग एवढं बोंबलून का लिवलंयस?"

मला राग आला. तो त्यांना दिसला असणार, कारण त्यांनी मला दुकानात बसवून चहा पाजला आणि वायपरचं रबर कसं मूळचं आहे, तसलं आता कुठं मिळत नाही, यावर अर्धा तास ऐकवलं. पुढं त्यांनी माझं नावच पाडलं, पत्रकवाली.

"मूळ ते मूळ" हा अण्णांचा शब्द. दिवसातून किती वेळा तो तोंडात यायचा याला गणती नव्हती. चहात साखर घातली तरी "गुळाचा चहा, मूळ ते मूळ" म्हणायचे. जुन्या गाड्यांच्या मंडळात ते वर्षानुवर्षं परीक्षक होते आणि तिथला सगळ्यात जाचक नियम त्यांनीच घालून दिला होता. कारखान्यातून आली नाही अशी एकही वस्तू गाडीत सापडली की गाडी बाद. गारगोटीचे पाटील, दूध डेअरीवाले, रॅलीसाठी एकदा त्यांची जुनी जीप दोन महिने खपून रंगवून घेऊन आले. अण्णांनी तिला फेरी मारली आणि बाजूच्या आरशावर टिचकी मारली. प्लॅस्टिकचा निघाला. जीप बाद. पाटील म्हणाले, "अण्णा, काल वाटंत म्हशीनं धक्का मारून मूळचा आरसा फोडला वो. मिळंल तो लावला." अण्णा म्हणाले, "मग म्हशीला बाद करू काय?" पुढं वर्षभर कुणी अण्णांचं नाव काढलं की पाटील थुंकायचे.

असल्या माणसानं म्हातारपणी आपल्या गाडीत बास, म्हणजे डीजेसारखा धडधडणारा स्पीकर, बसवून घेतला. अख्ख्या गल्लीला वाटलं, अण्णांना चळ लागला.

झालं ते असं. विसर्जनाची मिरवणूक होती, भर दुपार. आम्ही अण्णांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर पत्रकं घेऊन उभे होतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली डीजेची भिंत आमच्या अंगावर चालून येत होती. काय असतं ते ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. बरगड्या आतून कुणीतरी हलवतंय असं वाटतं. लहान पोरं रडत होती. अण्णांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. ते शटर थडथडत होतं आणि कमलाक्का आपले दोन्ही तळहात त्याच्यावर पसरून उभ्या होत्या. डोळे मोठे झालेले. त्यांनी अण्णांचा हात ओढून शटरवर दाबून धरला आणि विचारलं, "हाडु?"

कमलाक्का निपाणीकडच्या. कान जायच्या आधी जी थोडी कानडी तोंडात बसली होती तेवढीच त्या बोलायच्या, सपाट, मोठ्या आवाजात. बाकी सगळं हातांनी आणि ओठ वाचून. हाडु म्हणजे गाणं. हे गाणं आहे का, असं त्या विचारत होत्या.

अण्णांनी मान हलवली. व्हय, गाणं.

भिंत पुढं गेली. आम्हाला कानांत शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि कमलाक्का अजून शटरला हात लावून होत्या. अण्णा माझ्याजवळ आले. एवढा गर्विष्ठ माणूस, पण त्या दिवशी आवाज खाली होता. "पत्रकवाले, तुझं पत्रक खरं हाय. हा आवाज माणसं मारंल. पर लगीन झाल्यापासनं मी हिच्यासमोर गातोय, आनि हिला पहिलं गाणं पोचवलं ते ह्या राक्षसानं. आता ह्याचं काय करायचं ते सांग."

याचं उत्तर आमच्या पत्रकात नव्हतं.

अण्णांना सुचलं. आवाज बाहेर नको, तिच्यापुरता हवा. घरात करावा तर भिंतीला भिंत लागून शेजारी. राहिली गाडी. आणि तसंही ते गायचे ते गाडीतच. रविवारी कळंब्याच्या तळ्यावर जाताना अण्णा स्टीअरिंगवर बसून जुनी गाणी म्हणत आणि कमलाक्का मागच्या सीटवरून आरशात त्यांचं तोंड बघत. त्यांना गाणं म्हणजे ते हलणारे ओठ.

राजारामपुरीत गाड्यांना साउंड बसवणारे शकीलभाई आहेत. अण्णा पूर्वी त्यांच्या दुकानावरून जाताना मुद्दाम थांबून म्हणायचे, "गाड्यांची तमाशाची स्टेजं कराय लागलाईस." त्याच दुकानासमोर काळी अँबॅसिडर उभी राहिली, तेव्हा शकीलभाई हातातला वूफर खाली ठेवून बाहेर आले.

"अण्णा, आज शिव्या द्यायला गाडी घेऊन आलाय?"

"डिकीत पेटी बसवायची हाय. बासची. पर भोक पाडायचं न्हाय, आनि गाडीची एक तार कापायची न्हाय."

"मग पेटी काय देवघरात बसवू?"

"तुझं काम हाय ते. तू इचार कर."

शकीलभाईंनी विचार केला. मागच्या सीटच्या पाठीला एक पुठ्ठ्याची फळी असते. ती स्क्रू काढून सोडवली की डिकीतली पेटी थेट सीटला भिडते. फळी जपून ठेवली की पुन्हा हवी तेव्हा जागेवर. अण्णांनी ती फळी स्वतः काढली, धुतलेल्या चादरीत गुंडाळली आणि घरी नेऊन माळ्यावर ठेवली. बाळाला झोपवतात तशी, असं शकीलभाई अजून सांगतात.

पहिल्या दिवशी मात्र धूर निघाला. आजच्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. शकीलभाईंचे हात तेवढंच ओळखतात, त्यांनी सवयीनं जोडणी केली. अण्णांच्या गाडीत उलटं, पत्र्याला पॉझिटिव्ह. अण्णांना ते ठाऊक होतं. पण त्या वेळी ते डॅशबोर्डवरचं घड्याळ अजून कसं चालतं हे शेजारच्या टायरवाल्याला सांगण्यात गुंग होते. अँप्लिफायर जळाल्याचा वास आला तेव्हा वळले.

"अण्णा, हिची बॉडी पॉझिटिव्ह हाय?"

"मूळची तशीच हाय."

"मग आधी सांगायचं की!"

"तू इचारलंस व्हय?"

दोघंही एकमेकांवर असे भडकले की टायरवाला मध्ये पडला. शेवटी तोडगा निघाला. गाडीच्या विजेला हातच लावायचा नाही. पेटीला डिकीत वेगळी बॅटरी, ती घरी चार्ज करायची, आणि सगळ्याच्या खाली गुळाच्या रव्यांखाली, म्हणजे ढेपांखाली, अंथरतात ते जाड गोणपाट, म्हणजे पत्र्याशी संबंध नाही. "आता गाडी मूळ, पेटी पाव्हणी," अण्णा म्हणाले आणि स्वतःवरच खूश झाले.

मग त्यांनी मला बोलावणं धाडलं. कळंब्याच्या तळ्याकाठी, सकाळी. म्हणाले, "तू आवाजाची दुश्मन. तुझ्याइतका चांगला मीटर कुठं मिळणार? भाईर हुबी ऱ्हा. ऐकू आलं की हात वर कर." काचा वर गेल्या. कमलाक्का मागच्या सीटवर पाठ टेकून बसल्या, एक हात खिडकीच्या काचेवर. शकीलभाई पुढच्या सीटवरून आवाज वाढवत होते. मला धडधड ऐकू आली, मी हात वर केला. आवाज कमी झाला. कमलाक्का मोठ्यानं म्हणाल्या, "इन्नू!" अजून पाहिजे. आवाज वाढला, माझा हात वर. परत "इन्नू!" मग अण्णा उतरले, डिकी उघडली, पेटीभोवती घोंगडी कोंबली. परत तेच. शकीलभाई घामाघूम झाले. "एक म्हणती वाढव, एक म्हणती कमी कर. मी काय संसारात पडलोय काय तुमच्या?" अखेर एक जागा सापडली. माझा हात खाली होता आणि आत कमलाक्कांनी डोळे मिटले होते.

त्या बराच वेळ डोळे मिटून होत्या. मग उघडले आणि आरशात बघितलं. अण्णा त्या गाण्याबरोबर गात होते, मान डोलवत, अगदी रंगात. कमलाक्कांनी मागून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. बोटांनी ताल दाखवला. मग त्यांच्या ओठांकडे बोट केलं आणि हात आडवा हलवला.

शकीलभाई हसत हसत गाडीबाहेरच पडले. "अण्णा, अक्का म्हणत्यात तुम्ही तालात न्हाई!"

इतक्या वर्षांच्या संसारात अण्णा बेताल गात होते आणि ते ओळखणारं घरात कुणी नव्हतं. बाहेरच्या कुणी सांगायची हिंमत केली नव्हती. अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. नंतर महिनाभर ते दुकानात गुळाच्या रव्यावर बोटं आपटत ताल बसवत होते, हे मी स्वतः बघितलं आहे. "ती आता ऐकत्या," म्हणायचे. "आता चुकून कसं चालंल?"

मागच्या काचेवर कमलाक्कांच्या तळहाताचा ठसा उमटला होता. दर रविवारी त्यावर नवा उमटायचा. अण्णा सगळी गाडी पुसायचे. बॉनेट, दारं, दिवे. ती एक काच बाहेरून पुसायचे. आतून नाही.

आता रॅलीकडे येते. पेटी बसवल्यावर गाडी नियमात बसत नाही, हे अण्णांना कुणी सांगायची गरज नव्हती. नियम त्यांचाच. रॅलीच्या आधी ते स्वतः मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले, मी बरोबर होते. डिकी उघडून दाखवली. म्हणाले, "बक्षिसातनं बाद करा. नंबर नको. फक्त शेवटाला चालवू द्या. हिला एकदा मिरवणुकीत बसायचं हाय, गाणं लावून. भाईर आवाज येत न्हाय, ही पत्रकवाली साक्ष हाय." अध्यक्ष म्हणाले, "अण्णा, तुम्हाला कोण नाही म्हणणार?" चहा पाजला. दारापर्यंत सोडायला आले.

त्या सकाळी कमलाक्का हिरवी इरकल नेसून आल्या होत्या. गाडी रांगेच्या शेवटी उभी होती. पाहुणे आले, फोटो काढणारे आले, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी डिकीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. अध्यक्षांना आपला शब्द आठवला नाही. त्यांना पाहुणे आठवले. माइक हातात होताच. म्हणाले, "आमचे अण्णा! जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या बाद केल्या आणि म्हातारपणी स्वतः डीजे लावला! नाद खुळा!" मैदान हसलं. मग माइकवरूनच हुकूम, गाडी बाजूला घ्या. आणि मग तो स्वयंसेवक, तो कोपर, ते ओढणं. कमलाक्कांना काही कळेना. त्या माझ्याकडे बघत होत्या, अण्णांकडे बघत होत्या, हसणाऱ्या तोंडांकडे बघत होत्या. त्यांना लोकांचे ओठ वाचता येतात, हे त्या हसणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी अध्यक्षांकडे धावले. मला भांडायचं होतं, माझं तेच काम आहे. अण्णांनी मला अडवलं. त्या पोराला म्हणाले, "हात काढ." पोरानं हात काढला. मग माइकच्या दिशेनं, पण मोठ्यानं नाही, "नियम मी लिवलाय, बरोबर हाय. गाडी बाद करा. माणसाला का बाद करालाय?" आणि कमलाक्कांना मागच्या सीटवर बसवून त्यांनी दार लावलं.

मैदानाच्या फाटकापाशी मागून हॉर्न वाजला. गारगोटीच्या पाटलांची जीप. रांगेतून बाहेर काढून आणली होती.

"अण्णा, माझा आरसा आठवतोय न्हवं?"

अण्णांनी मान वर केली नाही. "आठवतोय. प्लॅस्टिकचा हुता."

"अजून तोच हाय. परीक्षक बदलला म्हणून चाललं. चला, बाद झालेल्यांची रॅली काढू."

मी जीपमध्ये बसले. पुढं काळी अँबॅसिडर, मागं जीप, अशी ती रॅली कळंब्याला गेली. तळ्याकाठी गाडी थांबली, काचा वर, आत गाणं. पाटील उतरले, गाडीजवळ गेले आणि काही न विचारता त्यांनी आपला डेअरीवाला रुंद तळहात टपावर ठेवला. अण्णांचा हात लगेच खिशाकडे गेला. रुमाल अर्धा बाहेर आला. पाटील डोळे मिटून म्हणाले, "आयला! लागतंय की वो हाताला." अण्णांनी रुमाल परत खिशात घातला.

परत निघताना ते मला म्हणाले, "माझ्या बानं ही गाडी घेतली ती माणसं बसवाय. हे मीच इसरलो हुतो बग, मूळ मूळ करत."

भाद्रपदात अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. शेवटच्या रविवारीही ते कळंब्याला गेले होते आणि कमलाक्कांनी सांगितलं की आता ताल बराच जमत होता. बराच, म्हणजे पूर्ण नाही. हे सांगताना त्या हसल्या आणि मग रडल्या.

आता मंडळाची माणसं घरी येऊन गेली. हार घेऊन आली होती. यंदाच्या रॅलीत अण्णांची गाडी सगळ्यात पुढं, बॉनेटवर फोटो, अण्णांना मानवंदना. एकच अट. पेटी काढायची, माळ्यावरची फळी जागेवर बसवायची. "अण्णांच्या तत्त्वाप्रमाणे, मूळ रूपात." ज्यांनी जिवंत माणसाला शब्द देऊन मोडला ते मेल्यावर त्याची तत्त्वं पाळायला निघाले आहेत. मागच्या सीटवर कोण बसणार, असं मी विचारलं. म्हणाले, "पाहुणे."

मी ते कमलाक्कांना हातांनी समजावून सांगितलं. त्या उठल्या, बाहेर गेल्या, गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि आतून दार लावून घेतलं. "साकु," म्हणाल्या. पुरे. मंडळाची माणसं हार खुर्चीवर ठेवून गेली.

पेटी निघणार नाही. शकीलभाई दर आठवड्याला येऊन बॅटरी चार्ज करतात आणि गाडी चालवायला पाटील गारगोटीहून येणार आहेत. फळी माळ्यावर आहे, अण्णांनीच ती परत बसवता यावी म्हणून जपून ठेवली होती. कमलाक्कांना पेटी नको होईल त्या दिवशी ती बसेल. त्याच्या आधी नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी सकाळी मैदानावर या. गेल्या वेळी तिथं होतात आणि गप्प राहिलात, तर नक्की या. गाडी पेटीसकट आणि कमलाक्कांसकट सुटेल, असं अध्यक्षांना तोंडावर सांगा, माइकची वाट बघू नका. आणि गाडी तुमच्याजवळून जाईल तेव्हा टाळ्या वाजवू नका, त्या अक्कांना पोचत नाहीत. हात खिशातून काढा आणि गाडीवर ठेवा. ठसे उमटू द्या. त्या दिवशी एकही पुसायचा नाही.